ढेकूण झालेत? आधी गादीची शिवण उलटून बघा

(गादीची कड कॅमेऱ्याजवळ)

हे काळे ठिपके दिसतायत ना? शाईच्या पेनानं टिंबं काढल्यासारखे. आता ओला कापूस फिरवते. बघा, तांबूस डाग पसरला. ही बुरशी नाही. हे आपलंच रक्त आहे, ढेकणानं पचवून टाकलेलं.

नमस्कार. मी इंदूरहून, रामबागेतल्या आमच्या घरातून बोलतेय. यंदा रंगपंचमीच्या सुमारास आमच्याकडे ढेकूण झाले आणि दीड महिना मी कोणालाही सांगितलं नाही. 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात आपलं इंदूर देशात पहिलं आलं, पुढे वर्षानुवर्षे पहिलंच राहिलं, आणि माझ्या घरात ढेकूण! लाज वाटायची. पण ढेकणाला घाण लागत नाही, रक्त लागतं. तो उडत नाही, उड्या मारत नाही. बॅगेतून येतो, जुन्या सोफ्यातून येतो. आमच्याकडे भंवरकुआंला क्लाससाठी राहणाऱ्या भाच्याच्या गादीतून आला. त्या पोराची काय चूक? चूक माझी. मी गप्प राहिले आणि त्या दिवसांत आमच्या दोन उश्या मीच जावेकडे पाठवल्या. ते मला अजून लागतं.

ओळखताना नुसत्या चाव्यांवर जाऊ नका. ढेकूण चावल्याची गांधी कधी लगेच उठते, कधी दोन-तीन दिवसांनी, आणि काहींना उठतच नाही. माझे दंड लाल झाले होते आणि त्याच पलंगावर झोपणाऱ्या ह्यांना एक पुळी नाही. ‘तुला उष्णता झालीय,’ म्हणत राहिले. म्हणून टॉर्च घ्या आणि शिवण उलटा. पलंगाच्या चुळी म्हणजे लाकडाचे सांधे, फळ्यांखालची बाजू, स्क्रूची भोकं, भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजू बघा. मोठा ढेकूण साधारण 5 मिलिमीटरचा, चपटा, तपकिरी. अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं, पांढरं, लाकडाला चिकटलेलं. शेजारी पातळ, पारदर्शक टरफलं दिसतील, ती पिल्लांनी टाकलेली कात. मोठं होईपर्यंत पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याआधी त्याला रक्त प्यावं लागतं.

आता एक गोष्ट फार कळकळीनं सांगते. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या गादीखाली, पलंगाखाली, खोलीत कुठेही ठेवू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्यावर उतारा नाही. झोपेत माणसं जातात, लहान मुलं आधी. रॉकेलही शिंपडू नका, घर पेटेल. ढेकणासंगे हिरा भंगला म्हणतात, तसं ढेकणांपायी घर गमावू नका.

मग करायचं काय? चादरी, अभ्रे, मच्छरदाणी खोलीतच पिशवीत भरून तोंड बांधा आणि मगच बाहेर न्या, नाहीतर ढेकूण घरभर सांडतील. 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. पलंग सुटा करून अंगणात किंवा गच्चीवर न्या आणि चुळींमध्ये उकळतं पाणी ओता, हात सांभाळून. गादीला शिवणीवरून हळूहळू वाफ द्या. मे महिन्याच्या उन्हावर मीही भरवसा ठेवला होता. पण वरचं कापड तापतं, गादीचं पोट तापत नाही, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

औषध फवारणाऱ्यांना बोलवा, पण आधीच विचारा, दुसऱ्यांदा कधी येणार? आमच्याकडे आलेले एकदा फवारून गेले, पुन्हा फोन उचलला नाही. बहुतेक औषधं अंड्यांपर्यंत पोचत नाहीत. अंडी आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी हवीच. बऱ्याच ढेकणांना नेहमीची औषधं आता लागूही पडत नाहीत, त्यामुळे गरम पाणी आणि वाफ सोडू नका.

आणि कंटाळून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका. ते तुमच्या मागे येतात. पलंग भिंतीपासून वीतभर लांब घ्या, चादर जमिनीला टेकू देऊ नका आणि पायांखाली अशा वाट्या ठेवा.

(वाटी दाखवत)

साबणाचं पाणी आहे. आजीच्या घरी नुसतं पाणी असायचं, साबणामुळे पडलेला ढेकूण लगेच बुडतो. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी दोन-तीन मिळायचे. आता पस्तीस दिवस झाले, वाटीत काही नाही. तरी मी रोज बघते, कारण ढेकूण उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतो.

जावेला शेवटी सांगितलं. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, ‘आधी सांगायचंस गं.’ तिच्याकडची दुसरी फवारणी रविवारी आहे. मी सकाळीच जाणार आहे, तिची कापसाची गादी एकटीला उचलत नाही.