पटावरची मुलं, वर्गातली मुलं

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने आखलेली एक चौकट रोज सकाळी भरली जाते. पट, हजर, गैरहजर. जिल्हा परिषदेच्या शाळेत जो शिकला, त्याला ही चौकट वेगळी सांगायला नको. साहेब अचानक भेटीला आले, तर त्यांची नजर आधी तिथे जाते, मुलांकडे नंतर.

आपण आहोत बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. पावसाच्या भरवशावरची शेती. खरिपाचं पीक पदरात पडलं की पुढचे पाच-सहा महिने ऊसतोड. शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. गावाचं नाव सांगत नाही. या पट्ट्यात अशी गावं पुष्कळ आहेत, आणि इथल्या बाईंसारख्या शिक्षिकाही.

पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं शिक्षणहक्क कायद्याचं प्रमाण आहे. कागदावर ते बरं दिसतं. पण इथे इयत्ता चार आहेत. बाईंकडे पहिली-दुसरी, सरांकडे तिसरी-चौथी, आणि मुख्याध्यापकाचा चार्जही सरांकडेच. सर केंद्रावर मीटिंगला गेले किंवा तालुक्याला माहिती द्यायला गेले की चारही वर्ग बाईंचे. आज सर तालुक्याला गेलेत.

परिपाठ सुरू आहे. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. बाहेरून बघणाऱ्याला हा अर्धा तास रटाळ वाटेल. दोन शिक्षकी शाळेत तो सोन्यासारखा असतो, कारण तेवढा वेळ कारभार मुलांच्या हातात असतो. तेवढ्यात बाई हजेरी उरकतात. एक नाव दोनदा पुकारूनही उत्तर येत नाही. घराशेजारचा एक मुलगा पळत जातो आणि पळतच परत येतो.

"मॅडम, ती बाळाला धरून बसलीय. आई कापूस वेचायला गेली."

आज हजर 29. हा आकडा हजेरीपटावर चढतो, फळ्यावर जातो आणि तिथून थेट स्वयंपाकघरात. या वयाच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ; 29 मुलं म्हणजे 2 किलो 900 ग्रॅम. स्वयंपाकी ताई वजनकाट्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांचं माप डब्याचं. तरी रजिस्टरात लिहायचं ते ग्रॅममध्येच. खिचडी शिजली की आधी बाईंनी चाखायची, चवीच्या रजिस्टरला नोंद करायची आणि मग पंगत. जेवलेल्या मुलांचा आकडा मोबाईलवरून त्याच दिवशी वर पाठवायचा. डोंगरामुळे इथे रेंज फक्त हातपंपाजवळ येते, म्हणून दुपारी बाई हातपंपाजवळ उभ्या दिसतात.

हा आहार 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाला, तेव्हा इथे भात शिजत नव्हता. महिन्यात 80 टक्के हजेरी भरली की 3 किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. हजेरी भरणारा हात गुरुजींचाच, तांदूळ नेणारं घर गावातलंच. पुढचं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि हिशेब पालटला. आता ताट मांडायचं तर मूल समोर बसलेलं लागतं. पटावरचं मूल वर्गात आणायला या एका बदलाने जे केलं, ते बऱ्याच अभियानांना जमलं नाही, असं आमचं मत.

चार वर्ग एका खोलीत बसवायचे तर त्यालाही एक रीत आहे. ज्यांना बाई समोर लागतातच ते जवळ, ज्यांना काम देऊन सोडता येतं ते लांब. चौथीची मुलं मागच्या भिंतीशी आहेत. धडा वाचून त्यावर त्यांनी प्रश्न काढायचे आहेत. उत्तरं लिहायला दिली की पाच मिनिटांत "झालं मॅडम" सुरू होतं, प्रश्न काढायला अर्धा तास लागतो. दुसरीतली दोघं 100 मण्यांच्या माळेवर दहा-दहाने उड्या मोजतायत. पहिलीतली एक मुलगी तांड्यावरून येते, तिच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. चित्राच्या कार्डावर आईचं चित्र आहे. ती बोट ठेवून म्हणते, "याडी." बाई हसून मान डोलावतात, एकदा "आई" म्हणतात आणि पुढचं कार्ड उचलतात.

तिसरीची वजाबाकी चाललीय. 42 मधून 17. एका मुलाच्या पाटीवर उत्तर आहे 35. हे उत्तर शिक्षकांच्या चांगलं ओळखीचं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन घालवले. बाई पाटी पुसत नाहीत. त्याच्यासमोर काड्या ठेवतात: दहा-दहाचे चार गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्ट्या.

"आता मला सतरा दे."

तो एक गठ्ठा देतो. मग हात थांबतो.

"दे की सात."

"सात नाहीत ना मॅडम. दोनच हायेत."

"मग?"

तो काड्यांकडे बघतो, मागे चौथीतल्या बहिणीकडे बघतो. बहीण प्रश्नांत बुडालीय. मग तो एक गठ्ठा उचलतो आणि रबर दाताने ओढून काढतो. काड्या मांडीवर सांडतात. सात मोजून देतो. उरलेल्या मोजायला लागतो: दोन गठ्ठे, पाच सुट्ट्या. पाटीवरच्या 35 कडे बघून तो स्वतःच थुंकी लावून आकडा पुसतो. बाईंनी तोवर पहिलीतल्या कुणाचं तरी नाक पुसून घेतलंय.

अशा काड्यांची आणि रंगवलेल्या फरश्यांची एकेकाळी लाट आली होती. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या भागातल्या गटाच्या, शाळांचं नाव झालं, तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून त्या बघायला गेले. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला आणि गावोगाव वर्गांच्या फरशीवर वर्तुळं, जाळ्या, मुळाक्षरं उमटली. पुष्कळ ठिकाणचा तो रंग आता उडालाय. काड्या टिकल्या, त्यांना अनुदान लागत नाही.

बाई डी.एड. होऊन शिक्षणसेवक म्हणून लागल्या तेव्हा महिना 3,000 रुपये मानधन होतं, तीन वर्षं. आज नव्याने लागणाऱ्याला 16,000 मिळतात. त्या राहतात तालुक्याच्या गावी. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याचा नियम आहे, आणि तो कसा पाळला जातो हे गावाला, शिक्षकाला आणि साहेबाला, तिघांनाही माहीत आहे. त्यावर रागावणाऱ्यांनी भाड्याने मिळेल अशी एक खोली या गावात शोधून दाखवावी. सध्या बाईंची स्वतःची परीक्षाही आहे. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक आहे, अशा नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिला. महाराष्ट्रातली पहिली टीईटी डिसेंबर 2013 मध्ये झाली. बाई त्याच्या आधीच्या.

दुपारनंतर हातपंपाजवळ गेलं की फोन वाजायला लागतो. 'आजच', 'तात्काळ', 'अत्यंत तातडीचे'. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. अपवाद फक्त जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकांचा. एका ओळीत मावणारे हे अपवाद. पण निवडणुकीपाठोपाठ मतदारयादी येते, यादीपाठोपाठ बीएलओची, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्याची, नेमणूक, आणि मग नावं वगळणं, नवी घालणं, घरोघर फिरणं. शिवाय प्रत्येक दिवस साजरा केल्याचा फोटो. फोटो नसेल तर दिवस झाला नाही.

सरांच्या टेबलामागे लोखंडी कपाट आहे. त्यातलं जनरल रजिस्टर बघण्यासारखं आहे. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची ओळ: नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शाळा सोडल्याची तारीख, शेरा. जुन्या पानांवर जन्मतारखांच्या रकान्यात ओळीने 1 जून, 1 जून, 1 जून. घरी जन्माची नोंद नसायची. गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघायचे, लागला की सहा वर्षांचा धरायचे, आणि जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून 1 जून टाकायचे. गावातली अर्धी म्हातारी माणसं त्या तारखेला जन्मली आणि त्याच तारखेच्या हिशेबाने निवृत्त झाली.

2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देता यावेत म्हणून मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा महसुली दप्तरांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही उघडली गेली. जीर्ण पानं चाळायची, नोंद सापडली की फोटो काढायचा. कोणे एके काळी कुणा गुरुजींनी टाकानं लिहिलेल्या एका शब्दावर घरं अडून बसलेली. असं वजन असलेलं दुसरं दप्तर गावात क्वचितच असेल.

आजच्या मुलाची ओळ मात्र पोर्टलवर ठरते. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एका अक्षराने चुकलं, तरी नोंद 'इनव्हॅलिड' दिसते. मूल समोर बसून पाढे म्हणतंय, आणि पडद्यावर ते नाही. मग पालकाला गाठायचं, तालुक्याच्या आधार केंद्रावर पाठवायचं. त्याची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि तो विचारतो, "मॅडम, पोरगं तर रोज येतंय ना?"

हे सगळं महत्त्वाचं, कारण शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. तो दिवस असा आहे की सगळी मुलं गावात असतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात.

टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. घेतली ती एका कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको दोघांवर. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिकडचा कारखाना तिकडे. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि वर मुलं. लहान मूल बरोबर जातं, कारण ते अंगावर पितं. त्याला सांभाळायला कोण, तर दुसरीतली बहीण. म्हणून मुलींची नावं आधी कमी होतात.

बाई त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर घरं करतात. आज एका आजीच्या ओट्यावर बसल्यात.

"आजी, दोघींना ठेवून घ्या. जेवणाची सोय करू आपण."

"मला मपलंच होईना, मॅडम. रातच्याला ही रडती आईसाठी. कोण उठावं?"

"मोठी उठेल की."

"मोठी बी रडतीच."

यावर बाईंकडे उत्तर नाही, आणि त्या दिल्यासारखंही करत नाहीत. चहा होतो. जाताना धाकटी राहील, मोठी जाईल असं ठरतं. तिसऱ्या दिवशी दोघीही राहतात. का, ते कुणी सांगत नाही.

जी राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृहाचं, पण अनेक ठिकाणी इमारत नसते. मूल नातेवाइकांकडे झोपतं आणि दोन वेळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळतं. कायद्याने या समितीत 75 टक्के पालक असावे लागतात, आणि निम्म्या सदस्य महिला. तरतूद उत्तम आहे. फक्त जानेवारीत सभा लावायची झाली, तर समिती सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडात असते. मग ठराव फोनवर वाचून दाखवायचा, सह्या परतल्यावर.

जी जातात त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड. हे दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावं, ही कल्पना. कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात राहतं, तळ शाळेपासून लांब पडतो, आणि फड बदलला की तळही बदलतो. एखादं मूल बसतं तिथल्या शाळेत. त्याची खबर बाईंना तिथल्या शिक्षकाच्या फोनवरून कळते: "तुमचा एक जण आमच्याकडे आलाय, कुठपर्यंत झालंय त्याचं?" असा फोन आला की बाईंचा तो दिवस चांगला जातो.

नाव पटावरून कमी करायचं नाही, असं ठरलेलं आहे. म्हणून या महिन्यांत फळ्यावरच्या चौकटीत पट तोच राहतो आणि हजर निम्म्यावर येतं. नवीन साहेब भेटीला आले की कारण विचारतात. बाई उत्तर द्यायला दारातून समोरच्या गल्लीकडे हात करतात: ओळीने कुलपं.

पाडव्याच्या आसपास टोळ्या परततात. सकाळची शाळा सुरू झालेली असते, परीक्षा तोंडावर. मुलं रंगाने काळवंडलेली, एक-दोन इंच वाढलेली. वाचन बऱ्यापैकी टिकलेलं असतं, गणित गेलेलं. चौथीपर्यंत कुणाला मागे ठेवत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये सगळी वरच्या वर्गात. बाई तेव्हा इयत्ता बाजूला ठेवतात आणि कोण कुठे अडलंय त्यावर गट पाडतात. तिसरीतला एखादा महिनाभर दुसरीबरोबर बसतो. घरी कळलं तर भांडण, म्हणून त्या गटांना फुलांची नावं आहेत.

2017 पासून बदल्या ऑनलाईन होतात. यंदा बाईंचं नाव यादीत येईल असं दिसतंय. चार्ज देताना लिहून द्यायचं ते सगळं छापील नमुन्यात आहे: खुर्च्या, कपाट, टीव्ही, वजनकाटा, तांदळाची शिल्लक किलो-ग्रॅममध्ये. कोणतं मूल कशात अडतं, कुणाच्या आजीला आधी चहा घ्यावा लागतो, कोणत्या मुकादमाला फोन केला तर मुलाशी बोलणं होतं, याला नमुना नाही. बाईंनी ते एका दोनशे पानी वहीत लिहून काढायला घेतलंय. सध्या दुसरीपर्यंत आल्यात.