बोनसची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचं एक घर गावाला असतं. गणपतीत उघडतं, शिमग्याला उघडतं, मे महिन्यात पोरांचा हट्ट झाला तर उघडतं. उरलेलं वर्ष कुलूप. आमचंही तसंच. संगमेश्वर तालुक्यात, शेताच्या कडेला, पडवी-ओटी-माजघर असं साधं कौलारू घर. गेली तीन वर्षं मी ते सुट्टी मिळेल तसं स्वतःच्या हातानं दुरुस्त करतोय. मी गवंडी नाही, सुतार तर नाहीच. आठवडाभर फोर्टात लोकांचे हिशेब तपासतो आणि शुक्रवारी मध्यरात्री दादरला तुतारी एक्स्प्रेसमध्ये चढतो.

सुरुवात मी अगदी मुंबईकराला शोभेल अशी केली होती. म्हणजे आधी रंगांची पुस्तिका आणली. पहिल्या गणपतीत गावातल्या एका म्हाताऱ्या गवंडीकाकांना घर दाखवायला बोलावलं. ते पुस्तिकेकडे बघेनातच. भर पावसात छत्री घेऊन घराला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी कुठून येतंय ते बघ आधी. रंग काय, दुकानात कधीही मिळतो."

पाणी दोन ठिकाणांहून येत होतं. एक सोपं ठिकाण. परसातली माती वर्षानुवर्षं धुपून मागच्या भिंतीला हातभर चढली होती आणि पागोळ्या नेमक्या तिच्यावर पडत होत्या. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तो सगळा भिंतीच्या पायाशी मुरत होता. दिवाळीनंतर दोन शनिवार-रविवार फावडं आणि घमेलं घेऊन माती उपसली, उताराच्या बाजूनं चर खणला. खर्च शून्य. पाठ मात्र आठवडाभर लोकलच्या बाकाला टेकवत नव्हती.

दुसरं ठिकाण अवघड, कारण ते घरातल्याच माणसानं करून ठेवलेलं होतं.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. 1980 च्या दिवाळीचा बोनस त्यांनी खर्चला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या पैशांतून घराला आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, चार गोणी मिळवायला चार ठिकाणी हात जोडावे लागायचे. गावात सिमेंटची भिंत म्हणजे मोठीच गोष्ट होती. त्यानंतर 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पुढचं तुम्हाला सांगायला नको. त्या घरावर पुन्हा पैसे घालायची वेळ बाबांवर आलीच नाही.

आता गोष्ट अशी की आमची भिंत जांभ्याच्या चिऱ्याची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्यारानं तासता येतो. हवा लागली की घट्ट होत जातो. पण भोकं भोकं ती राहतातच. तो पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. वर चुन्याचा गिलावा असेल तर तो या येण्याजाण्याच्या आड येत नाही. सिमेंट येतं. ओल आत कोंडते, वर चढत जाते, बरोबर क्षार नेते, आणि मग भिंतीला लोणा लागतो. आपण त्यावर दरवर्षी रंग मारतो आणि रंगाच्या कंपनीला शिव्या देतो.

नागदेवी स्ट्रीटवरून दोन छिन्न्या आणि एक हातोडा आणला. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत जायचं. जिथं पोकळ वाजेल तिथं छिन्नी लावायची. पहिलाच तुकडा परातीएवढा, अखंड सुटून आला. मागे भिंत काळी, ओली, हात लावला तर थंडगार. आणि एका कोपऱ्यात जुना चुना अजून चिकटून होता. त्यात नखाएवढे शिंपल्यांचे कपचे दिसत होते, पुरते न भाजलेले. पणजोबांच्या काळी चुना शिंपले भाजूनच व्हायचा.

बाबा ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "माझ्या बोनसची भिंत आहे ती. हळू ठोक."

मी हळूच ठोकलं. तीन महिने लागले.

प्लास्टर काढल्यावर मोह आवरायचा आणि भिंत एक उन्हाळा उघडी ठेवायची. तोवर चुन्याकडे बघायचं. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच, ही गंमत नाही. विरलेला चुना पाण्याखाली काही आठवडे मुरू द्यायचा, तो लोण्यासारखा होतो. मग एक भाग चुना, तीन भाग नदीची वाळू. समुद्राची वाळू फुकट मिळाली तरी नको, तिच्यातलं मीठ पुन्हा भिंतीत जातं. आणि लावल्यावर भिंत लगेच वाळू द्यायची नाही, काही दिवस पाणी शिंपडत राहायचं. माझा पहिला हात उन्हात तडकला, सगळा खरवडून काढावा लागला.

लाकडाची परीक्षा त्यापेक्षा झटपट होते. वाशात पेचकस टोचायचा. चांगला असेल तर टोक अडतं; वाळवीनं खाल्ला असेल तर खारी बिस्किटात बोट जावं तसं आत जातं. आमचे सात वासे असे निघाले. ते सुतारानं बदलले, मी फक्त खालून धरले. उरलेल्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. हातमोजे घालून लावा, कातडी भाजते. माझ्या मनगटावर डाग अजून आहे.

कौलं उतरवून धुतली, फुटकी बदलली, पुन्हा शाकारली. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरतं, हजारभर कौलं म्हटली की हिशेब तुम्हीच करा. वानरांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. शेजाऱ्यांनी त्यांना कंटाळून पत्रे घातले. पावसात त्यांच्या घरात बोललेलं ऐकू येत नाही.

वायरिंगला मी हात लावला नाही, लावूही नये. आणि घर सामाईक असेल तर हातोडा उचलण्याआधी चुलतभावांना फोन करा. मी नंतर केला. ते प्रकरण प्लास्टरपेक्षा जास्त दिवस चाललं.

माजघरातल्या आतल्या भिंतीवर, दाराशेजारी, बाबांनी ओल्या सिमेंटमध्ये खिळ्यानं 1981 असं कोरलं होतं. ती भिंत कोरडी आहे, म्हणून तेवढा हातभर तुकडा ठेवलाय. त्याच्या कडेनं चुना लावायची वेळ आली तेव्हा बाबा उठले, माझ्या हातातली थापी घेतली आणि जमिनीवर बसून स्वतः लावू लागले. दुपारचा चहा निवून गेला. कड काही सरळ आलेली नाही.