बुकिट ब्राउन: उकरण्याआधी काय काय टिपायचं

[टेकडीचा उतार, गवतातून डोकावणारी थडगी]

सिंगापूरच्या मध्यभागी ही बुकिट ब्राउनची टेकडी. १९२२ साली नगरपालिकेने चिनी लोकांसाठी इथे दफनभूमी सुरू केली, १९७३मध्ये ती बंद झाली. तोवर सुमारे एक लाख थडगी झाली होती. २०११मध्ये इथून आठ पदरी रस्ता काढायचं ठरलं. त्याच्या आड येणाऱ्या ३,७४६ थडग्यांची यादी पुढच्या वर्षी लागली.

[क्रमांकाचा खुंटा]

थडग्यापाशी ठोकलेला हा खुंटा पाहा. यावरचा आकडा फोटोवर, कागदांवर आणि शेवटी अस्थींच्या पिशवीवरही. तो एकदा चुकला, की कोण कुणाचा आजोबा ते सांगणं अवघड.

वारसांचा शोध सुरू होतो दफनाच्या नोंदवहीपासून. वही इंग्रजीत, नावं मात्र बोलीप्रमाणे लिहिलेली. एकच आडनाव होक्कियन घरात तान, कँटनीज घरात चान. एकच स्पेलिंग धरून बसलं की हात हलवत परत यावं लागतं. मग दगडच वाचायचा. मधल्या ओळीत मृताचं नाव, शिवाय मूळ गाव आणि मुलानातवंडांची नावं. साल चिनी प्रजासत्ताकाचं असेल तर त्यात १९११ मिळवायचे: २५ म्हणजे १९३६. शेवाळ काढायला मऊ ब्रश आणि पाणी पुरे. तारेच्या ब्रशने अक्षरांच्या कडाच झिजतात.

[शीख रखवालदारांचे पुतळे, रंगीत फरशा]

आणि हे पगडीवाले! चिनी थडग्यावर शीख रखवालदार. इंग्रजी अमदानीत धनिकांच्या दारावर शीख पहारेकरी असत. तोच पहारा इथे दगडात. शेजारी फुलापानांच्या फरशा. त्या इतक्या पक्क्या बसवलेल्या, की पहार लावली की तुकडेच हाती येतात. म्हणून मोजमाप, तोंडाची दिशा, प्रत्येक बाजूचा फोटो, हे सगळं घण पडण्याआधी.

[पहाट, ताडपत्री, उदबत्त्या]

काम उजाडायच्या सुमारास सुरू होतं. पहिली परवानगी स्थानदेवतेची. थडग्याच्या बाजूला तिचा लहानसा दगड असतो. ज्यांची चिनी रास त्या दिवशी आड येते, ते पाठ करून उभे राहतात.

बांधकाम फोडलं की खाली खोदाई, जवळजवळ दोन मीटर. पेटी लागली की पहार बाजूला, खुरपं हातात. लाकूड जाड, पण झाकण खचलेलं. आत चिखल, नाहीतर पाणी. पाणी बादलीने उपसायचं, पण तळ ढवळायचा नाही. घाई केली तर बोटांची हाडं, दात, जेडची बांगडी गाळात जातात. मूठ मूठ गाळ असा चाचपूनच बाहेर काढावा लागतो.

अस्थींवर ऊन पडता कामा नये, म्हणून ताडपत्री. ती नसली तर छत्री. हाडं तांदळाच्या दारूने पुसतात. आपल्याकडे अस्थिसंचय तिसऱ्या दिवशी. इथे ऐंशी वर्षांनी. ओल्या आम्लधर्मी मातीत कधीकधी काहीच उरलेलं नसतं, तेव्हा त्या जागची मूठभर माती घेतात.

जोडथडगं असेल तर दोन्ही बाजू उघडायच्या. हयात जोडीदाराचं नाव लाल रंगाने भरून ठेवतात. पुढे तो दुसरीकडेच पुरला गेला, तर ती बाजू रिकामी निघते.

[वारस, पिशवी, खुंट्याचा आकडा]

पुढे दहन, मग अस्थिगृहातला कोनाडा. बेवारस अस्थींची राख तीन वर्षं ठेवून समुद्रात सोडायची, असं ठरलेलं. रस्ता २०१८–१९मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झाला, नाव लॉर्नी हायवे.

[कोनाड्याची पाटी]

पाटीवर नाव, तारखा, एखादा फोटो एवढंच मावतं. गाव, सुना, नातवंडं, दगडावरचा सगळा मजकूर उकरायच्या आधीच उतरवून घ्यायचा, आणि ज्याला ती लिपी वाचता येते अशा माणसाकडून तपासून.