राग आला की गप्प बसा, पण किती दिवस?

नमस्कार, अस्सलामु अलैकुम, रामराम. रागावरचा मागचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. भुसावळहून येतोय, चोपड्याहून येतोय, शहाद्याच्या एका बहिणीने तर तीन वेळा विचारलाय. "ताई, तुम्ही सांगितलं तसं राग आला की मी गप्प बसते. मग घरात शांतता का नाही?"

आज फक्त यावर बोलायचंय.

सुरुवातीचं भरभर सांगते, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. राग येणं हा गुन्हा नाही. अपमान झाला, हक्क गेला, की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग धोका ओळखतो, ॲड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते. सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग तेवढ्यापुरता मागे पडतो. आपल्या दीनमध्ये, म्हणजे धर्मातही, राग येणं म्हणजे पाप असं नाही. मोठे इस्लामी विद्वान इमाम ग़ज़ाली तर सांगतात की ज्याला राग येतच नाही त्याच्यातही उणीव आहे. राग अकलेच्या आणि शरीअतच्या, म्हणजे धर्माच्या नियमांच्या, ताब्यात हवा. कुराणातल्या सूरह आले इमरानची 134 वी आयत बघा. अल्लाहला प्रिय असलेल्या माणसांचं वर्णन आहे, आणि त्यात राग आवरणारे आहेत, लोकांना माफ करणारे आहेत.

उपायही माहितीचेच. उभे असाल तर बसा, तरी नाही गेला तर आडवे व्हा. अऊज़ु बिल्लाह म्हणा, म्हणजे सैतानापासून अल्लाहचा आसरा मागा. वुज़ू करा, म्हणजे नमाज़आधी धुतो तसे हात-तोंड-पाय धुवा. गप्प राहा. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, हे आलेलं आहे आणि शरीराच्या अंगानेही पटण्यासारखं आहे. बसलेल्या माणसाचा हात उभ्या माणसाइतका चटकन उठत नाही, आणि न बोललेला शब्द परत घ्यावा लागत नाही.

इथपर्यंत सगळे येतात. गाडी अडते ती याच्या पुढे. गप्प तर बसलो, आता पुढे काय? गप्प राहायला सांगितलंय ते वेळ मिळावा म्हणून. आपण त्याचा अबोला करून टाकतो.

आमच्या घरचंच सांगते. आम्ही यावल तालुक्यातले, तडवी. सातपुड्याच्या पायथ्याला केळीची शेती, वडील आणि मोठे काका यांची विहीर एक, मोटार एक. मे महिना, लाईट रात्रीची, केळीला पाणी एक दिवस चुकलं तरी पान करपतं. एका रात्री काकांनी आमच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला आणि स्वतःच्या बागेला पाणी सोडलं. वडील पहाटे गेले तर आमच्या ठिबकच्या नळ्या कोरड्या. वडील दीनदार माणूस. एक शब्द बोलले नाहीत, बांधावर खाली बसले, वुज़ू केला, घरी आले. हदीसप्रमाणे सगळं बरोबर केलं.

आणि मग काकांशी बोलणंच बंद झालं. ईद आली. ईदगाहवर दोघं गळ्यात गळा घालून भेटले, सगळ्यांना वाटलं मिटलं. घरी आल्यावर पुन्हा तेच. काकांचा निरोप आमच्या चुलतभावाकडून यायचा, वडिलांचं उत्तर माझ्याकडून जायचं. एकाच अंगणात. व्हॉल्व्हचा विषय कुणीच काढला नाही, त्यामुळे तो कधी संपलाच नाही. शेवटी आजीने दोघांना ओट्यावर बसवलं आणि म्हणाली, पाण्याचं बोला, बाकी काही बोलू नका. काकांच्या मुलाने मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर ऑइलपेंटने पाळी लिहिली, सोमवार ते बुधवार कोण, गुरुवारपासून कोण. पेटीला गंज चढलाय, पण ती अक्षरं अजून वाचता येतात.

आता हेच मानसशास्त्राकडून बघा. अमेरिकेतले जॉन गॉटमन यांनी नवराबायकोच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की भांडताना हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं धड ऐकूही येत नाही. म्हणून थांबा, निदान 20 मिनिटं. पण संसार मोडणाऱ्या ज्या चार सवयी याच गॉटमन यांनी सांगितल्या, त्यातली एक कुठली माहितीये? समोरच्याशी संवादच तोडून टाकणं. म्हणजे थांबायला सांगणारा माणूस तोच आणि अबोल्याला घातक म्हणणाराही तोच. फरक इतकाच की थांबताना "मी थोड्या वेळाने येतो, मग बोलू" असं सांगून जायचं, आणि खरंच परत यायचं. त्या 20 मिनिटांत मनातल्या मनात भांडण पुढे चालवायचं नाही. तो काय म्हणाला, मी काय म्हणायला हवं होतं, हे घोळवत राहिलात तर शरीर शांत होतच नाही.

यावरून आठवलं. मागच्या व्हिडिओखाली पाच-सहा जणांनी लिहिलंय, "ताई, उशीवर मुक्के मारले की राग निघून जातो." नाही जात. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये यावर प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम राग आणला. काही जणांना राग आणणाऱ्याचा विचार करत करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. खाली बसायची हदीस आणि हा प्रयोग शेजारी शेजारी ठेवून बघा, मला तर फार बरं वाटलं होतं ते वाचून.

आणि ज्या भाईंनी लिहिलंय की मोमिनाला, म्हणजे ईमानवाल्या मुसलमानाला, मानसशास्त्राची गरज काय, त्यांना अदबीने सांगते: नवव्या-दहाव्या शतकात अबू ज़ैद अल-बल्ख़ी या मुसलमान विद्वानाने राग, भीती, दुःख आणि पुन्हा पुन्हा येणारे त्रासदायक विचार यांवर सविस्तर लिहून ठेवलंय. जशी औषधं घरात आधीच आणून ठेवतो तसे चांगले विचार बरे असतानाच जमवून ठेवा, हा त्यांचा सल्ला. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

आता तिसऱ्या बाजूने, दीनकडूनच. गप्प राहायची हदीस सगळ्यांना पाठ. पण बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत असलेली दुसरी हदीस आपण सोयीने विसरतो: मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त बोलणं तोडणं हलाल नाही. दोघं समोरासमोर येतात आणि तोंड फिरवतात. त्यांच्यात चांगला तो, जो आधी सलाम करतो. बघा किती समजून घेतलंय माणसाला. लगेच गोड बोल असं सांगितलेलं नाही. तीन दिवस दिलेत. पण तीनच.

आणि बायकांनी राग दाखवूच नये म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. प्रेषित मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम हज़रत आयशांना म्हणाले, तू माझ्यावर खूश असतेस की नाराज, ते मला कळतं. त्यांनी विचारलं, कसं? तर म्हणाले, खूश असलीस की "मुहम्मदच्या रबची शपथ" म्हणतेस, नाराज असलीस की "इब्राहिमच्या रबची शपथ". आयशा म्हणाल्या, हो, पण मी फक्त तुमचं नाव तेवढं सोडते. बीबीला राग आला, तिने तो दाखवला, नवऱ्याने ओळखला आणि प्रेमाने बोलून दाखवला. माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या कित्येक जोडप्यांना मी आधी हीच गोष्ट सांगते. नवरे खाली मान घालून ऐकतात.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. हे सगळं ज्याला राग येतो त्याच्यासाठी आहे. जिला घरात मारहाण होते तिला "सब्र कर, तीन दिवसांत बोल" असं कुणी माझ्या नावाने सांगू नका. तिने 181 या महिला हेल्पलाइनला किंवा 112 या आणीबाणीच्या नंबरला फोन करावा. आणि दुःखात असलेल्याला रडू नको, ईमान कमी होतं, असंही म्हणू नका. आपला लहानगा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा प्रेषितांचे डोळे भरून आले होते. डोळे रडतात, मन दुखतं, पण तोंडून रबला आवडेल तेच निघेल, असं ते म्हणाले. कित्येक दिवस झोप नाही, कशात मन लागत नाही, जीव नको वाटतो, असं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

शहाद्याच्या ताई, तुमचा शेवटचा प्रश्न होता की परत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं. सलाम करा, चहा पुढे ठेवा आणि जे अडलंय त्याचंच नाव घ्या. "परवा पैशाचं बोलणं अर्धं राहिलं, आज बोलू या का?" एवढंच. "तुम्ही नेहमीच असे" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. समोरचे नाही म्हणाले तर कधी बोलायचं ते त्यांनाच ठरवू द्या, आणि त्या वेळी पुन्हा विचारा. काय झालं ते खाली लिहा. अहिराणीत लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचते.