बांधावरचं इंजिन: डिझेल, हवा, पाणी आणि धूर

(दृश्य: मे महिना. केळीच्या बागेच्या बांधावर पत्र्याच्या शेडखाली एका सिलिंडरचं डिझेल इंजिन.)

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो. मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत, घड पोसायचे दिवस हेच. पाण्याची एक पाळी चुकली तरी फण्यांवर परिणाम दिसतो. वीज गेली की सगळी भिस्त बांधावरच्या इंजिनावर, आणि नेमकं तेव्हाच ते हॅन्डल मारून मारून दाद देत नाही.

बहुतेक वेळा दोष नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचा) किंवा तिला दाबानं डिझेल देणाऱ्या डिझेल पंपाचा नसतो. इंजिन कित्येक महिने उभं राहिलेलं असतं, टाकी अर्धी रिकामी असते. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी बनते आणि तळाशी बसते. म्हणून पाना लावण्याआधी टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग उघडून पाणी आणि गाळ बाटलीत काढावा. फिल्टर काळा पडला असेल तर बदलावा. धुऊन पुन्हा बसवलेला कागदी फिल्टर फाटतो आणि कचरा थेट पंपात जातो.

टाकी रिकामी होईपर्यंत चालवलेलं इंजिन हवा धरतं. ती काढायची वाट टाकीकडून नोझलकडे जाते, उलटी नाही. टाकीचा कॉक उघडा. आधी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा; बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग डिझेल पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलकडच्या नळीचा नट एखादा आटा सैल करून, डिकॉम्प्रेशन लीव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) उचलून हॅन्डल फिरवा. बुडबुड्यांशिवाय डिझेल उसळलं की नट आवळा. आता हॅन्डल फिरवताना नोझल करकरलं, तर डिझेल पोहोचलं.

इथे एक गोष्ट जपायलाच हवी. नोझल बाहेर काढून फवारा पाहताना समोर बोट धरू नये. हा फवारा शंभर ते दोनशे बार दाबाचा असतो, कातडी भेदून आत शिरतो. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखतही नाही, पण आत मांस सडायला लागतं. हळद लावून घरी बसू नये. त्याच तासाला दवाखाना गाठावा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

हॅन्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलटा झटका देतं तेव्हा विळखा घातलेला अंगठा मोडतो. उपरणं, पदर, ओढणी पट्ट्यापासून आणि फ्लायव्हीलपासून लांब.

(दृश्य: सायलेन्सरमधून निघणारा धूर.)

इंजिन सुरू झालं की धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी, किंवा भार जास्त, किंवा नोझल ठिबकतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. हॅन्डल मारताना पांढरा धूर येतो पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेल पोहोचतंय, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, कमी पडतंय. चालू इंजिनातून पांढरा धूर आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल, असं असेल तर हेड गास्केट (सिलिंडर आणि हेडमधली चकती) पाहा. तोवर इंजिन चालवू नका.

खान्देशात खरा शत्रू धूळ. ऑइल-बाथ एअर क्लीनर (ऑइलमध्ये धूळ अडवणारी हवेची गाळणी) वाऱ्याच्या दिवसांत रोज उघडावा. तळातलं ऑइल चिखलासारखं झालं की बदलावं, जाळी डिझेलमध्ये धुऊन कोरडी करून बसवावी. ऑइल खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, त्यावरच वेग वाढवत जातं आणि डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. अशा वेळी हवेचं तोंड जाड फळीनं दाबून बंद करावं, हातानं कधीच नाही, आणि फ्लायव्हीलच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

इंजिन थंड करायला पाणी पाण्याच्या पंपाच्या डिलिव्हरीतून (बाहेर जाणाऱ्या पाइपातून) घेतलं असेल, तर कॉक पूर्ण उघडू नका. बाहेर पडणारं पाणी 60 ते 70 अंश असावं. फार गार चाललेल्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही, लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) ओघळून ऑइल पातळ करतं. पाणी तुटून इंजिन तापलं तर बंद करून आपोआप निवू द्यावं. गार पाणी ओतल्यास हेडला चीर जाते.

सगळ्यात मोठा धोका विहिरीत. पाण्याचा पंप सात मीटरच्या खालून पाणी ओढू शकत नाही, म्हणून इंजिन आतल्या टप्प्यावर उतरवतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. दिवा सोडून पाहिला तर प्राणवायू कमी आहे एवढंच कळतं, हा वायू कळत नाही. म्हणून सायलेन्सरचा पाइप विहिरीच्या काठाबाहेर काढावा आणि इंजिन चालू असताना आत उतरू नये. स्टॉप लीव्हरला तार बांधून तिचं टोक काठावर ठेवावं. आत कोणी कोसळलं तर मागून उडी न घेता आधी ती तार ओढायची, 108 ला फोन लावायचा आणि माणसं जमवायची.