चित्रपटगृहाच्या कुशीतली शाळा

नमस्कार, श्रोतेहो.

शाळेतला चित्रकलेचा तास आठवतो का तुम्हाला? आठवड्यातून एकदा यायचा, आणि सहामाही जवळ आली की गणिताचे सर तो मागून घ्यायचे. रंगपेटी उघडून बसलेली आम्ही मुलं ती मुकाट्याने दप्तरात परत ठेवायचो. आज ज्या शाळेबद्दल सांगणार आहे, ती या मागून घेतलेल्या तासासाठीच निघालेली शाळा आहे. नाव, ओकलंड स्कूल फॉर द आर्ट्स.

ओकलंड हे कॅलिफोर्नियातलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर खाडीपलीकडे वसलेलं बंदराचं शहर. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथर १९६६ साली याच शहरात जन्मली. कष्टकऱ्यांचं गाव. इथल्या मुलांना सरकारी शाळेत गाणं शिकायला मिळालं नाही, तर बाहेर शिकवणी लावणं अनेक घरांना परवडत नाही.

आणि सरकारी शाळांतलं गाणं खरोखरच आटलं होतं. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता करावर मोठी मर्यादा घातली. शाळांचा बराचसा खर्च याच करातून निघायचा. पैसा कमी पडला, तेव्हा पहिली कुऱ्हाड संगीत आणि चित्रकलेच्या शिक्षकांवर पडली. तेव्हा राज्याचे गव्हर्नर होते जेरी ब्राउन. त्यांनी आधी या प्रस्तावाला विरोध केला होता, पण लोकांनी कौल दिल्यावर अंमलबजावणी त्यांनाच करावी लागली. वीसेक वर्षांनी, १९९९ मध्ये, हेच ब्राउन ओकलंडचे महापौर झाले आणि त्यांनी शहरात कलाशाळा काढायचं मनावर घेतलं. देणग्यांसाठी ते स्वतः फिरले.

शाळा 'चार्टर' पद्धतीची. आपल्या अनुदानित शाळेशी ही कल्पना थोडी जुळते: चालवणारं मंडळ वेगळं, पैसा सरकारी, मुलांना फी नाही. मात्र परवाना ठरावीक मुदतीचा असतो. कामगिरी दाखवली नाही, तर तो पुढे मिळत नाही.

२००२ मध्ये शाळा सुरू झाली, ती ॲलिस आर्ट्स सेंटर या शहराच्या कलाकेंद्रात. इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या इमारतीत आधीपासून आफ्रिकी नृत्याचे वर्ग चालत, ढोल वाजत, वरच्या मजल्यांवर कलावंत भाड्याने राहत. शाळा आली आणि जागेची ओढाताण सुरू झाली. मुलांना कला शिकवण्यासाठी कलावंतांनीच बाहेर पडायचं का, असा प्रश्न उभा राहिला, आणि तो अगदी रास्त होता. लोक संघटित झाले, भांडले. अखेर शाळेनेच जागा सोडली. ते केंद्र आज तिथे वर्षानुवर्षं नृत्य शिकवलेल्या काँगोच्या मलोंगा कास्केलूर्द यांच्या नावाने ओळखलं जातं.

शाळेने मग काही वर्षं तात्पुरत्या वर्गखोल्यांत काढली. आणि पुढे तिला जी जागा मिळाली, ती ऐकून तुम्हालाही आनंद होईल.

शहराच्या मध्यभागी टेलिग्राफ ॲव्हेन्यूवर फॉक्स नावाचं चित्रपटगृह आहे, १९२८ सालचं. आत रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना दोन भल्यामोठ्या सोनेरी मूर्ती, मांडी घालून बसलेल्या, आपल्याकडच्या देवळातून उचलून नेल्यासारख्या. साठच्या दशकात पडदा बंद झाला. छत गळायला लागलं, गिलावा ढासळला. १९९६ मध्ये महापालिकेने ते विकत घेतलं, पण डागडुजीला कोट्यवधी डॉलर लागणार होते. तोडगा निघाला तो असा: मधलं प्रेक्षागृह संगीताच्या कार्यक्रमांना द्यायचं, आणि त्याला वेढून असलेल्या इमारतीत कलाशाळा बसवायची. शाळेच्या रूपाने कायमचा भाडेकरू मिळाला, आणि पडीक वास्तूसाठी निधी उभा करणं सोपं झालं. २००९ च्या सुरुवातीला शाळा तिथे राहायला आली, आणि त्याच फेब्रुवारीत फॉक्सचे दिवे पुन्हा लागले. शाळेला छप्पर मिळालं आणि छपराला शाळा!

सुरुवात नववीच्या मुलांपासून झाली होती. पुढे सहावी ते बारावी असा पसारा वाढला. गणित, विज्ञान, भाषा सगळं आहेच. त्याच्या जोडीला प्रत्येक मूल एक कला निवडतं आणि वर्षभर तीच कसून शिकतं: गायन, वाद्य, नृत्य, नाटक, चित्रकला, लेखन. नेपथ्य आणि प्रकाशयोजनेलाही स्वतंत्र विभाग आहे, याचं मला विशेष कौतुक वाटतं. पडद्यामागे राबणाऱ्या हातांनाही इथे विद्यार्थी म्हणून मान आहे. अभिनेत्री झेंडाया इथे शिकली, गायिका केहलानीही. पण शाळेतून बाहेर पडणारी बहुतेक मुलं नर्स होतील, दुकान चालवतील, गाड्या दुरुस्त करतील. त्यांनीही रोज सुरात गायलेलं असतं, हे मला झेंडायाइतकंच मोलाचं वाटतं.

२०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आणखी एक प्रस्ताव मंजूर केला. राज्यातल्या सरकारी शाळांना, चार्टर शाळांनाही, आता कला आणि संगीतासाठी दरवर्षी वेगळा निधी मिळतो. त्यात एक अट घातली आहे. मोठ्या शाळांनी त्यातले ऐंशी टक्के माणसं नेमण्यावरच खर्च करायचे. १९७८ नंतर ज्यांच्यावर कुऱ्हाड पडली होती, त्या संगीताच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांसाठी.

नमस्कार.