दुधातील बुरशीचे विष आणि तपासणीची पट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

येवला, निफाड, सिन्नर या भागांत मका काढणीला येतो तेव्हा परतीचा पाऊस अनेकदा दाराशीच असतो, आणि नीट न वाळलेली कणसे ताडपत्रीखाली ढीग करून ठेवावी लागतात. अशा उबदार ओलाव्यात धरणारी अ‍ॅस्परजिलस ही हिरवट-पिवळी बुरशी अफलाटॉक्सिन बी-१ हे विष तयार करते. त्या मक्याचा भरडा गाईच्या पोटात गेला, की तिच्या यकृतात त्याचे अफलाटॉक्सिन एम-१ हे रूप बनते आणि दिवसभरातच ते दुधात उतरू लागते. दूध उकळल्याने ते जात नाही.

दुधात पाणी किंवा युरिया तर नाही ना, याची आपण फार चौकशी करतो. मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ सालच्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी असुरक्षित भेसळीचे अवघे १२ निघाले, तर किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ही एम-१ची मर्यादा ओलांडणारे ३६८ होते.

एवढे सूक्ष्म प्रमाण संकलन केंद्रावर काही मिनिटांत ओळखणारी पट्टी आता मिळते. दुधाचे मोजके थेंब सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेल्या प्रतिपिंडांत, म्हणजे या विषाला नेमके पकडणाऱ्या प्रथिनांत, मिसळतात आणि ते मिश्रण पट्टीवरून वर चढते. दुधात विष नसेल तर प्रतिपिंडे मोकळी राहून चाचणीच्या रेषेवर अडकतात व रेषा गडद लाल उमटते. विष असेल तर ती आधीच गुंतलेली असल्याने रेषा फिकट होते किंवा उमटतच नाही. म्हणजे इथे रेषा दिसणे ही चांगली बातमी आहे, आणि नवख्या माणसाची गफलत नेमकी इथेच होते. शेजारची नियंत्रण रेषा मात्र दोन्ही वेळा दिसलीच पाहिजे. ती नसेल तर पट्टी बाद समजावी.

माझ्या मते ही पट्टी टँकरपेक्षा गावच्या केंद्रावर अधिक उपयोगी आहे, कारण टँकरमध्ये एका गोठ्याचे दूषित दूध शंभरांच्या दुधात विरून जाते आणि मूळ सापडत नाही. रेषा फिकट दिसली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून खात्री करावी, आणि अहवालाची वाट न पाहता त्या गोठ्यातील भरडा, सरकी पेंड व मुरघास तपासून बुरशी लागलेला खुराक तेवढा बंद करावा. तसे केल्यास साधारण तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ येऊ लागते.